जरा चेंज म्हणून

डोंबिवलीहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात एक आजी विचारत होत्या, "बोरिवलीला जायचं तर कुठे चेंज करू गं?" "दादरला!" चौघींनी एकदम सांगितलं. तेवढ्यात क्लिपा विकणारी म्हणाली, "ताई, चेंज द्या ना." खिडकीतली मुलगी फोनवर सांगत होती, "घरी जाऊन चेंज करते, मग बोलते." गाडी, पैसे, कपडे; शब्द एकच. आणि घोटाळा कुणाचाच झाला नाही.

माझी आजी गाडी बदलायची, पण नोट मात्र मोडायची. दागिना मोडतात तशी. शंभराची नोट एकदा मोडली की संध्याकाळपर्यंत टिकत नाही, हे त्या क्रियापदातच आलं. 'चेंज'मध्ये ती हळहळ कुठली! (मटकीलाही मोडच येतात, पण ती वाढते तरी.) 30 जून 2011 पासून चार आणे चलनातून गेले, म्हणीत मात्र कोंबडी अजून चार आण्याचीच आहे आणि मसाला बारा आण्यांचा. एसटीत कंडक्टर उरलेले पैसे तिकिटामागे लिहून द्यायचे. त्यातले सात रुपये मी एकदा साताऱ्याला उतरताना विसरले, ते अजून आठवतात. आता भाजीवालीसुद्धा क्यूआर कोड पुढे करते, त्यामुळे सुट्ट्यांवरून होणारी भांडणं कमी झालीत.

पूर्वी डॉक्टर 'हवापालट करा' म्हणायचे, मग माणसं पाचगणीला महिनाभर राहायची. आता शनिवारी लोणावळ्याला जाऊन, ट्रॅफिकमध्ये चार तास बसून, रविवारी परततो. चेंज झाला म्हणायचं!

तरी 'जरा चेंज म्हणून' यातला चेंज मला सोडवत नाही. 'बदल म्हणून' म्हटलं की बदलीची ऑर्डर आल्यासारखं वाटतं. शिवाय हा चेंज फार सभ्य आहे. 'रोजच्या पोळीभाजीचा कंटाळा आला' असं म्हणता येत नाही, करणाऱ्याला लागतं. चेंज म्हटलं की कुणावर काही येत नाही, असा माझा समज होता.

परवा म्हटलं, "आई, आज जरा चेंज म्हणून बाहेरून मागवूया का?"

सासूबाई कणीक मळत होत्या. हात थांबले.

"कधीपासून सांगायचं होतं तुला?"