वास्कोच्या पुलावरून, उजव्या बाजूने

फोंड्यात गाडी चालवू लागल्याला पंचवीस वर्षे होऊन गेली. बोरीचा पूल असो वा अनमोडचा घाट, वळणे हातांना पाठ आहेत. त्यामुळे पोर्तुगालमध्ये भाड्याची गाडी घेऊन आपणच चालवायची असे ठरले, तेव्हा मला धास्ती रस्त्याची नव्हती, कागदपत्रांची होती. ती फुकट गेली. वाहनचालक परवाना, पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती जोडून वाहतूक खात्याकडे अर्ज केला, १,००० रुपये शुल्क भरले आणि एका वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना हाती आला. मात्र मूळ परवाना सोबत नसेल तर या पुस्तिकेचा उपयोग नाही, हे लक्षात ठेवलेले बरे.

लिस्बनच्या विमानतळावरील काउंटरवर अनामत म्हणून क्रेडिट कार्डावरील बरीच मोठी रक्कम अडकवून ठेवण्यात आली. विम्याचे कलम मी दोनदा वाचले, कारण विमा असला तरी नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपल्याच खिशातून जातो. गाडीवरचे सगळे ओरखडे फोटोत टिपून घेतले. मग कर्मचारी तरुणी 'शाव्ह' असे काहीसे म्हणत किल्ली पुढे करती झाली, आणि आपली 'चावी' याच लोकांकडून आलेली आहे याची मला ऐन वेळी आठवण झाली. इतका ओळखीचा शब्द कानी पडल्यावर पुढचेही सोपेच असणार, असा माझा समज झाला.

पहिल्याच वळणावर तो गळून पडला. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि इंडिकेटरची दांडीही आपल्या गाडीच्या उलट बाजूला. त्यामुळे वळण्याचा इशारा द्यायला गेलो की कोरड्या काचेवर वायपर करकरत फिरू लागत. त्याहून अवघड होता गाडीच्या रुंदीचा अंदाज. उजव्या बाजूला बसायची सवय असल्यामुळे मी नकळत कडेला सरकत असे, आणि तिकडे बसलेली सौ. दर पाच मिनिटांनी दाराची मूठ घट्ट धरून म्हणे, "अहो, कठडा! थोडं डावीकडे घ्या ना!"

खरे तर पोर्तुगालमध्येही पूर्वी गाड्या डावीकडूनच धावत. १९२८ मध्ये त्यांनी बाजू बदलली. गोव्याला मात्र डावीकडेच ठेवले, कारण सीमेपलीकडच्या ब्रिटिश हिंदुस्थानात वाहतूक डावीकडून होती. माझ्या हातांची सगळी अडचण त्या निर्णयात आहे, असे मी सौ.ला सांगून पाहिले. तिला ते पटले नाही.

एव्होरा शहराला जाण्यासाठी आम्ही १९९८ मध्ये खुला झालेला वास्को द गामा पूल ओलांडला. आपल्याकडे वास्को म्हणजे रेल्वे स्टेशन आणि मुरगाव बंदराशेजारचे शहर; इथे त्याच नावाचा, बारा किलोमीटरहून लांब पूल तागुस नदीवर पसरला आहे. लिस्बनमधून बाहेर पडताना त्यावर टोल नाही, परतताना आहे. पुढच्या महामार्गावर वेगमर्यादा १२० ची. मी ९० वर जाऊनच समाधान मानले. टोलसाठीचे यंत्र गाडीसोबतच भाड्याने घेतले होते, म्हणून नाक्यावर हिरव्या मार्गिकेतून थेट निघालो.

पेट्रोलपंपावर मात्र फजिती झाली. तिथे नळी आपणच लावायची असते. पेट्रोल म्हणजे 'गासोलिना' आणि डिझेल म्हणजे 'गासोलिओ'. आमची गाडी डिझेलची, आणि माझ्या हातात पेट्रोलची नळी. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी इंधनाच्या झाकणाच्या आतल्या चिकटपट्टीवर बोट ठेवून नुसती मान हलवली, म्हणून वाचलो. ती पट्टी वाचण्याचे मला का सुचले नसेल, कोण जाणे.

अलेंतेजु प्रांतात रस्त्याच्या दुतर्फा, ज्यांच्या सालीपासून बाटल्यांची बुचे बनतात त्या कॉर्कच्या झाडांच्या राया लागतात. साल काढल्यावर उघडे पडलेले तांबूस खोड आणि त्यावर रंगवलेला एकच आकडा: साल ज्या वर्षी काढली, त्या वर्षाचा शेवटचा. पुन्हा साल काढायला ९ वर्षे थांबावे लागते. मी पाहिलेल्या पहिल्या खोडावर ७ होता. ते बघण्यासाठी गाडी कडेला घेतली, तेव्हा इंडिकेटर पहिल्यांदा बरोबर लागला, आणि सौ.ने दाराची मूठ सोडली.