यॉर्कच्या मुक्कामातला सोमवार आणि बीबीसीची संध्याकाळ

नोव्हेंबरमध्ये उत्तर इंग्लंडात साडेचारच्या आतच अंधार पडू लागतो, यॉर्कच्या जुन्या तटबंदीची दारे त्याच सुमारास बंद होतात, रेल्वे संग्रहालय पाचला मिटते आणि मग पाहुण्याला पब किंवा मुक्कामाची खोली एवढेच पर्याय उरतात. १० नोव्हेंबर २०२५ रोजी मला मात्र तिसरा पर्याय मिळाला. मी ज्या घरगुती निवासात उतरलो होतो, त्याचे मालक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, आणि सोमवार ही त्यांच्याकडे प्रश्नमंजूषांची रात्र असल्याने त्यांनी व त्यांच्या पत्नीने मला बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोर बसायला आग्रहाने बोलावले.

सहाच्या बातम्या सुरू झाल्या आणि बीबीसीवर पहिली बातमी खुद्द बीबीसीचीच होती. आदल्या दिवशी महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले होते. ‘पॅनोरमा’ या १९५३ पासून चालत आलेल्या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात डोनाल्ड ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणातले पन्नासहून अधिक मिनिटांचे अंतर असलेले दोन तुकडे सलग बोलल्यासारखे जोडले गेले होते, आणि ट्रम्प यांनी त्याबद्दल एक अब्ज डॉलरच्या दाव्याची धमकी दिली होती. नेमके काय चुकले हे बीबीसीचेच वार्ताहर बीबीसीच्याच पडद्यावर सांगत होते. मुंबई दूरदर्शनच्या सातच्या बातम्यांवर लहानाचा मोठा झालेल्या माझ्यासारख्याला, लोकांच्या पैशावर चालणारी वाहिनी स्वतःच्या साहेबांची बातमी इतक्या कोरडेपणाने देते, याचे अप्रूप वाटले. त्या दिवशी संस्थेच्या वतीने माफी मागणारे अध्यक्ष समीर शाह यांचा जन्म आपल्या औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. हे मी यजमानांना सांगितले आणि मग वेरूळ-अजिंठ्यापर्यंत विषय गेला.

साडेसहाला लंडनहून सूत्रे लीड्सकडे गेली आणि ‘लुक नॉर्थ’ हे यॉर्कशरचे बातमीपत्र लागले. साऱ्या देशाच्या बातम्यांनंतर प्रत्येक प्रदेशाला त्याच वेळी त्याचे स्वतःचे बातमीपत्र मिळते, ही व्यवस्था मला सगळ्यांत आवडली. पत्नीबाईंनीही विणकाम बाजूला ठेवले ते याच वेळी. सातच्या ‘द वन शो’मध्ये गप्पा, पाहुणे आणि थोडी जाहीर खुशी असते, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

साडेसात वाजता घराघरांत भांडण व्हावे अशी वेळ येते, कारण एका वाहिनीवर १९८५ पासून चालू असलेली ‘ईस्टएंडर्स’ मालिका आणि दुसरीवर ‘मास्टरमाइंड’. या घरात तो प्रश्न इंटरनेटने सोडवला आहे: मालिकेचा भाग आता सकाळीच बीबीसीच्या आयप्लेअर या इंटरनेट सेवेवर येतो आणि पत्नीबाई तो न्याहारीनंतर पाहून मोकळ्या होतात. सिद्धार्थ बासूंच्या भारतीय आवृत्तीमुळे आपल्याला ‘मास्टरमाइंड’ परिचित आहे, पण १९७२ पासूनच्या मूळ कार्यक्रमातली ती काळी खुर्ची आणि एकट्यावर रोखलेला दिवा कोठून आला, हे मला यजमानांकडून समजले. कार्यक्रमाचे जनक बिल राइट महायुद्धात जर्मनांचे कैदी होते आणि त्यांच्या चौकशीच्या अनुभवातून ही मांडणी सुचली. त्यानंतर ‘ओन्ली कनेक्ट’, ज्यात चार गोष्टींमधला धागा ओळखायचा असतो आणि जिथे मी पूर्णपणे प्रेक्षक होतो. मग साडेआठला ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’. हा कार्यक्रम १९६२ मध्ये ग्रॅनडा या व्यापारी वाहिनीवर सुरू झाला आणि १९९४ मध्ये बीबीसीकडे आला. आता कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन प्रश्न विचारतात. विशीतली मुले रसायनशास्त्रापासून मध्ययुगीन चर्चसंगीतापर्यंत उत्तरे देतात आणि त्यात कोट्यवधींचे बक्षीस, थरारक पार्श्वसंगीत किंवा रडारड काहीही नसते. हे इतके रूक्ष असूनही लोक दशकानुदशके पाहतात, याचे श्रेय मी अर्धे तरी जाहिराती नसण्याला देईन.

जाहिराती नसल्याने उठायचे ते कार्यक्रम संपल्यावरच. नऊला यजमान किटली लावायला गेले आणि तिथूनच ओरडून त्यांनी मला विजेच्या जाळ्याचा इतिहास सांगितला. लोकप्रिय कार्यक्रम संपताच लाखो घरांत एकाच वेळी चहाचे पाणी तापू लागते आणि विजेची मागणी अचानक उसळते. १९९० च्या विश्वचषकात इंग्लंड उपान्त्य सामन्यात पश्चिम जर्मनीकडून पेनल्टींवर हरल्यानंतर ही उसळी २८०० मेगावॉटची होती. अशा क्षणांसाठी वेल्समधल्या डोंगराच्या पोटात, दिनोर्विग येथे, १९८४ पासून एक जलविद्युत केंद्र तयार असते: वरच्या तळ्यातले पाणी खाली सोडून ते काही सेकंदांत पूर्ण क्षमतेने वीज देऊ लागते आणि रात्री स्वस्त विजेवर तेच पाणी पुन्हा वर चढवते. मालिका कधी संपणार हे वीज नियंत्रकांना ठाऊक असावे लागते, हे ऐकून मला प्रवासाचे पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

या सगळ्याचा खर्च घराघरांतून येतो. रंगीत टीव्हीचा परवाना त्या वर्षी १७४.५० पाउंडांचा, म्हणजे सुमारे वीस हजार रुपयांचा होता, आणि कृष्णधवल संचाचा वेगळा परवाना तेव्हा ५८.५० पाउंडांना मिळत होता. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन्स भरणाऱ्या वडिलांची आठवण असलेल्या पिढीला हे फार परके वाटू नये.

नऊनंतर मोठ्यांसाठीचे कार्यक्रम सुरू होतात. कठोर भाषा असेल तर निवेदक आधी सूचना देतो. आम्ही मात्र दहाच्या बातम्यांपर्यंत चहावर परवान्याचाच वाद घातला. बीबीसी ज्या राजसनदेच्या आधारे चालते, ती सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. जो पाहत नाही त्याने का भरावे, हा यजमानांचा प्रश्न. तर लीड्सच्या बातम्या आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजूषा बाजाराच्या हिशेबाने कोण करील, हा त्यांच्या पत्नीचा. मी पाहुणा असल्याने तटस्थ राहिलो, मनातून मात्र पत्नीबाईंच्या बाजूने होतो. साडेदहाला ‘न्यूजनाइट’ सुरू झाले तेव्हा तिथेही डेव्ही यांच्या राजीनाम्यावरच चर्चा चालली होती, आणि ‘मास्टरमाइंड’पासून एकही उत्तर न चुकवलेले यजमान पडद्यावरच्या पाहुण्यांना मोठ्याने उत्तरे देऊ लागले.