आमची वाटचाल: प्लायवूडपासून स्पीतीपर्यंत
पुण्यातल्या धायरीत आमचं मॉड्युलर किचनचं छोटं वर्कशॉप होतं. २०१८ साली एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, "टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ओटा आणि झोपायची सोय करून द्याल का?" मोटरहोम आम्ही तोवर फक्त मोबाइलवर बघितली होती. तरी हो म्हणून टाकलं. ते काम उरकल्यावर बायको म्हणाली, "आता एक आपलीच करू आणि भाड्याने देऊ." हिशेब तीच सांभाळते, त्यामुळे वाद घातला नाही.

जुनी ट्रॅव्हलर घेतली. पत्र्याच्या आत आपण काहीही करू शकतो, हा समज लवकरच उतरला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, म्हणजे परवानगीशिवाय गाडीच्या रचनेत बदल करता येत नाहीत, ते आरटीओत कळलं. भाड्याने द्यायची तर खासगी गाडीची पांढरी नंबरपाटी चालत नाही, हेही तिथेच कळलं. त्या कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

गाडी मात्र देखणी झाली. १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय, वर सनमायका, ग्रॅनाइटचा ओटा (हो, ग्रॅनाइटच!) आणि २०० लिटरची पाण्याची टाकी. चालक म्हणून एसटीतून निवृत्त झालेले भोरचे एक काका मिळाले. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "शेठ, घर झकास बांधलंय. पण हे घाटातनं उतरणार कसं?" मी हसण्यावारी नेलं.

चाचणीला महाबळेश्वरला गेलो आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे निघालो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, पोलादपूर पार तळाशी. काका दुसऱ्या गेअरात उतरवत होते. "ज्या गेअरात चढायचं त्याच गेअरात उतरायचं," हा त्यांचा नियम. खालच्या गेअरात इंजिनच गाडी धरून ठेवतं. मला ते फार हळू वाटलं. प्रतापगड फाट्याच्या पुढे मी हट्टाने स्टिअरिंग घेतलं, तिसरा टाकला आणि वळणावळणाला ब्रेक दाबत राहिलो. थोड्याच वेळात करपल्याचा वास आला. मला वाटलं, मागे गॅसवर काही राहिलं. मग पेडल मऊ पडलं, पाय थेट तळाला. काकांनी ओरडून गेअर खाली घ्यायला लावला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घालून थांबवली. सतत दाबून ब्रेक तापले आणि ब्रेक ऑइल उकळलं होतं. चाकांतून धूर येत होता. तासभर बसलो, कुणी काही बोललं नाही.

परत आल्यावर गाडी रिकामी करून एकेक वस्तू वजनकाट्यावर ठेवली. आठ बाय चारचं प्लाय ३५ किलोच्या आसपास भरलं, आणि अशी कितीतरी लावली होती. भरलेली टाकी म्हणजे २०० किलो. अर्धवट भरली तर आणखी वाईट, वळणावर पाणी एका कडेला धावतं. इतकी वर्षं आम्ही भिंतीला टेकणारं फर्निचर बनवलं. भिंत हलत नाही, त्यामुळे वजनाचा विचार करायची वेळच आली नव्हती. सगळं उपसून अ‍ॅल्युमिनियमचे सेक्शन आणि हलके पॅनेल लावले. टाकी १०० लिटरची केली, पाणी धावू नये म्हणून आत आडवे पडदे घातले. ग्रॅनाइट वर्कशॉपच्या दारात पायरी म्हणून आहे.

मग टाळेबंदी आली. गाडी ताडपत्रीखाली आणि हप्ते चालू. २०२१ मध्ये राज्याचं कॅरॅव्हॅन (म्हणजे अशाच फिरत्या घरांचं) पर्यटन धोरण आलं, लोक चौकशी करू लागले. भंडारदरा, आंबोली अशा सहली सुरू झाल्या.

ठाण्याच्या एका कुटुंबाने हिमाचलच्या उंच डोंगरांतल्या स्पीतीचं विचारलं तेव्हा मी नाही म्हणणार होतो. काकांनी चौकशी केली, "तिथं यष्टी जाते का?" हिमाचलची सरकारी बस स्पीतीतल्या काझाला जाते म्हटल्यावर, "मग आपणबी जातो."

शिमल्याहून किन्नौरमार्गे नाको, ताबो, काझा असे चढलो. मनालीहून एकदम वर गेलं की डोकं धरतं, म्हणून हा लांबचा रस्ता. काझा ३,६०० मीटरच्या वर. तिथे हवा विरळ, म्हणून पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, पातेल्यातला भात कच्चाच राहतो. कुकर नेला होता म्हणून वरणभात झाला. सप्टेंबरअखेर होती. पाइप गोठू नयेत म्हणून रात्री टाकी रिकामी करायचो.

कुंझुम खिंड ४,५५१ मीटर. भाकरवडीचं पाकीट उशीएवढं फुगलं, पोरं टाळ्या पिटायला लागली. तिथल्या देवळाला गाडीसकट प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे. काकांनी टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि पहिल्या गेअरात सावकाश फेरी घातली. पुढचा उतार बघून म्हणाले, "शेठ, तुम्ही मागं बसा."