पहाटे ३ वाजताची नोंद

प्रयोगवहीत पहाटे ३ वाजता सहकाऱ्याने लिहिले होते, ‘स्थिर अवस्था आली, नमुने घेतले.’ स्थिर अवस्था म्हणजे पात्रातील मोजमापे बदलायची थांबणे. जिवाणूंचे ते सतत संवर्धन, म्हणजे एकीकडून ताजे पोषकद्रव आत आणि दुसरीकडून तितकेच द्रव बाहेर, सुरू होऊन चार दिवस झाले होते. पात्रात २ लिटर द्रव आणि ताशी २५० मिलिलिटर पोषकद्रव, म्हणजे निवासकाळ, पात्रभर द्रव आत यायला लागणारा वेळ, ८ तासांचा. पाच निवासकाळांत पात्रातील ९९.३ टक्के द्रव बदलून जातो, हा नेहमीचा निकष केव्हाच पुरा झाला होता. तरीही सकाळी बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा चार दिवसांचा आलेख मी एकाच पानावर काढला, तेव्हा रेषा अगदी सावकाश पण न थांबता उतरताना दिसली.

सहकाऱ्याने कामात हयगय केलेली नव्हती. आधी त्याने दर मिनिटाच्या नोंदी घेऊन लागोपाठच्या दोन कालखंडांची टी-चाचणीने (दोन सरासरींतील फरक निव्वळ योगायोगाचा आहे का हे पाहणाऱ्या चाचणीने) तुलना केली आणि प्रत्येक वेळी ‘फरक आहे’ असेच उत्तर आले. त्या नोंदींत शेजारच्या दोन मिनिटांमधील सहसंबंध ०.९ च्या आसपास होता, म्हणजे १२० नोंदींत माहिती जेमतेम सहा स्वतंत्र नोंदींइतकी होती आणि साध्या चढउतारालाही चाचणी फरक ठरवत होती. म्हणून त्याने तासाला एकच नोंद धरली, सहा-सहा नोंदींची तुलना तासातासाला केली आणि चौथ्या खेपेला ‘फरक आढळला नाही’ असे उत्तर येताच थांबला.

माहिती गोळा होत असताना वारंवार डोकावण्याबद्दल आपल्याला सहसा उलटा इशारा मिळतो: ५ टक्के पातळीची, म्हणजे नसलेला फरक एका वेळी ५ टक्के शक्यतेने दाखवणारी, चाचणी वाढत्या माहितीवर पाच वेळा केली, तर नसलेला फरक ‘सापडण्याची’ शक्यता सुमारे १४ टक्क्यांवर जाते. इथे मात्र थांबण्याची अटच ‘फरक न आढळणे’ ही होती, आणि सहा नोंदींची दुबळी चाचणी असे उत्तर आज ना उद्या देणारच होती. पुरावा नसणे आणि स्थैर्याचा पुरावा असणे यांत फार मोठे अंतर आहे, आणि ते मी त्याला आधी समजावून सांगायला हवे होते.

उतरणीचे कारण वजनकाट्यावर सापडले. पोषकद्रवाच्या बाटलीचे वजन पहिल्या दिवशी ताशी २५० ग्रॅमने घटत होते, आता २३६ ग्रॅमने. पंपाच्या रुळांखाली दबून नळी थकली होती. जिवाणू पंपाच्या मागोमाग चालले होते.

त्या दुपारी आम्ही संख्याशास्त्रज्ञ अब्राहम वाल्ड यांच्या क्रमिक चाचणीकडे वळलो, जी त्यांनी १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात युद्धसामग्रीच्या तपासणीसाठी बांधली. तिच्यात दोन्ही दावे आधी मांडावे लागतात. आमचे दावे असे होते: उतार शून्य आहे, किंवा दर निवासकाळाला अर्धा टक्का आहे. प्रत्येक निवासकाळाच्या सरासरीनंतर हाती आलेल्या नोंदी घसरण असताना दिसण्याची शक्यता भागिले उतार शून्य असताना दिसण्याची शक्यता, हे गुणोत्तर मोजायचे. दोन्ही प्रकारच्या चुका ५ टक्क्यांवर ठेवायच्या असतील, तर ते १९ च्या वर गेल्यास घसरण मान्य करायची, १/१९ च्या खाली गेल्यास स्थैर्य, आणि मधे असेपर्यंत वाट पाहायची. ही वाट पाहण्याची मुभाच मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ‘अजून सांगता येत नाही’ हे उत्तर तिथे अधिकृत असते. जुन्या नोंदींवर गुणोत्तराने १९ ओलांडले, पण तो कौल मी चाचणी म्हणून धरत नाही. मर्यादा आम्ही आलेख पाहिल्यानंतर ठरवल्या होत्या.

नळी बदलली, पंपाचा वेग वजनकाट्याच्या नोंदींवरून दुरुस्त होत राहील अशी जोडणी केली, आणि उताराची मर्यादा, सरासरीचा कालखंड व दोन्ही सीमा वहीत लिहून खाली दोघांनी सह्या केल्या. पाच निवासकाळ जाऊ दिल्यानंतर मोजणी सुरू झाली. सातव्या सरासरीला गुणोत्तर सीमेच्या अगदी जवळ आले होते आणि सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. आम्ही थांबलो नाही. नवव्या सरासरीला ते १/१९ च्या खाली गेले, तेव्हा नमुने घेतले. पहाटेचे जुने नमुने शीतपेटीत वेगळ्या खणात आहेत, त्यांवर ‘प्रवाह घटत असताना’ असे लिहिले आहे.