जुनी अॅल्युमिनियमची होडी घेतली!

राधानगरीकडच्या एका मासेमारी करणाऱ्या काकांकडनं जुनी अॅल्युमिनियमची होडी घेतली, आणि खरं सांगतो भावांनो, मला फायबरपेक्षा हीच लई भारी वाटते, पत्रा चेपला तरी ठोकून सरळ करता येतोय. घ्यायच्या आधी एक टेस्ट कराच, होडी नीट टेकू देऊन ठेवायची, आत थोडं पाणी ओतायचं आणि बाहेरनं बघायचं, जिथनं थेंब गळतोय तिथला रिव्हेट (पत्रे जोडणारा खिळा) सैल, लगेच खडूनं खूण.

आधी कुणीतरी लोखंडी बोल्ट मारलेले, त्यांच्याभोवती पांढरी पावडर धरलेली. दोन वेगळे धातू ओले राहिले की अॅल्युमिनियमच खाल्लं जातंय, म्हणून ते सगळे काढून टाकले.

तळाची चीर मात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात टिग वेल्डिंगनं (गॅसच्या आवरणात विजेच्या ठिणगीनं धातू वितळवून जोडायची पद्धत) भरून घेतली, तिथल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नाही! अॅल्युमिनियम ६६० डिग्रीला वितळतंय पण वरचा ऑक्साईडचा थर २००० च्याही वर, त्यामुळं स्टेनलेसच्या ब्रशनं घासून, एसी करंट आणि आर्गॉन गॅस लावूनच काम करायला लागतंय.

रंगाच्या आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला घट्ट धरणारा पहिला थर, आणि तांबं असलेला तळाचा पेंट अजिबात नको, तिथंही तेच दोन धातूंचं दुखणं. आता बसायच्या फळ्या राहिल्यात, दादा म्हणतोय मरीन प्लायच (पाण्यात टिकणारं प्लायवुड) घे.