तुम्ही विचारलंत म्हणून: काळी दोन सोडायची नाही

"डिपेश मोडचं तुमचं सगळ्यांत आवडतं गाणं कुठलं?" डिपेश मोड हा सिंथेसायझरवर गाणी करणारा इंग्लिश बँड; त्याचा माझा टी-शर्ट बघून हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'जस्ट कान्ट गेट इनफ' एवढंच ठाऊक असतं. ते १९८१चं, व्हिन्स क्लार्कनं लिहिलेलं. त्याच वर्षी पहिला अल्बम निघाला आणि हा गडी बँड सोडून चालता झाला. मग लिहायचं काम बँडमधल्याच मार्टिन गोरवर आलं आणि पुढची बहुतेक गाणी त्याचीच. म्हणजे सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं ज्याचं, तो बँडमध्ये पहिल्या अल्बमपलीकडे टिकलाच नाही.

चाहत्यांना विचाराल तर भांडण वेगळ्याच गाण्यांवरून. एक गट 'नेव्हर लेट मी डाउन अगेन'वाल्यांचा. जून १९८८मध्ये कॅलिफोर्नियात पासाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमवर बँडचा गायक डेव्ह गहाननं या गाण्यात दोन्ही हात वर करून डोलवले आणि समोरचे हजारो हात तसेच डोलायला लागले. भरल्या ज्वारीवरून वारा जावा तसं दिसतं ते. तेव्हापासून हे गाणं लागलं की हात वर जातातच. दुसरा गट 'स्ट्रिप्ड'वाल्यांचा. ही मंडळी जरा काळे कपडे घालून गंभीर चेहऱ्यानं वावरतात. त्यांच्याशी वाद घालू नये.

माझं उत्तर 'एन्जॉय द सायलेन्स'. ऐकून लोक हिरमुसतात, कारण ते तर सगळ्यांचंच आवडतं. १९९०चं गाणं, 'व्हायोलेटर' अल्बममधलं. पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारही मिळाला त्याला. व्हिडिओत गहान राजाचा मुकुट घालून, बगलेत घडीची खुर्ची मारून बर्फातून आणि डोंगरांतून बसायला शांत जागा शोधत हिंडतो. पण मला म्हणायचंय ते हे गाणं नव्हे. म्हणजे हेच, पण आधीचं.

गोरनं ते मुळात संथ लयीत बांधलं होतं. नुसता गळा आणि हार्मोनियम, बाकी काही नाही. अ‍ॅलन वाइल्डर या बँडमधल्या कीबोर्डवाल्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, याची लय वाढवू या, खाली ठेका घालू या. गोर बिथरला. गाणं शांततेचं आणि त्याला नाचायला लावायचं? शेवटी तो कसाबसा तयार झाला, निर्माता फ्लडच्या सांगण्यावरून गिटारवर ती प्रसिद्ध सुरावटही त्यानंच वाजवली. मूळची चालसुद्धा वाया गेली नाही. हार्मोनियमवरचं रूप, गोरच्याच आवाजात, त्या सिंगलच्या एका आवृत्तीत निघालं.

ते मी पहिल्यांदा ऐकलं आणि उठून आजोबांची पेटी काढली. आमच्या पेटीचा भाता एका बाजूनं गळतो, डाव्या हाताला दुप्पट मेहनत. तरी बसले. पहिला सूरमेळ, म्हणजे एकदम दाबायच्या पट्ट्या: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच. दुसरा काळी दोन, काळी तीन, काळी पाच, म्हणजे हात सगळाच्या सगळा काळ्यांवर चढतो आणि घरातला उजेड कमी झाल्यासारखं वाटतं. तिसरा काळी चार, पांढरी एक, काळी दोन. तीन-चार वेळा फिरवल्यावर लक्षात आलं की बाकी बोटं कुठंही जावोत, काळी दोन तिन्हींत आहे. मग एक बोट तिच्यावर तसंच दाबून ठेवलं. तंबोऱ्यासारखी ती खाली वाजत राहते आणि वर सगळं हलतं. सिंथेसायझरच्या बँडचं गाणं, आणि त्याचा जीव एका न उचललेल्या बोटात.

मग वाइल्डर चुकला का? अजिबात नाही. त्यानं लय वाढवली नसती तर हे गाणं अल्बमच्या कोपऱ्यात पडून राहिलं असतं आणि माझ्यापर्यंत पोचलंच नसतं. गाडीत मीही वेगवानच लावते. संथ रूप रात्री, दार लावून, भाता हळू मारत. शेजारी झोपलेले असतात.

एवढं सगळं टी-शर्टकडे बघून विचारणाऱ्याला कोण सांगत बसणार? मी नुसतं "एन्जॉय द सायलेन्स" म्हणते. ते म्हणतात, "हो हो, ऐकलंय."