धूळ जाईन ना त्यात!

मराठी घरातले निम्मे कॉम्प्युटर लाडाने मेले, असं माझं जुनं मत आहे. व्हायरसने गेले ते वेगळे, वीज पडून गेले तेही वेगळे. पण बाकीचे आपण जीव लावून लावून मारले.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही महागाची वस्तू घरात यायची तीच कव्हरांसकट. मॉनिटरला एक, सीपीयूला एक, कीबोर्डला एक. आमच्या अकोल्याकडे धूळ म्हणजे घरचीच मंडळी, त्यामुळे मशीन बंद होतं न होतं तोच वडिलांची हाक यायची, "झाकून ठेव त्याले, धूळ जाईन ना त्यात!" आत प्रोसेसर अजून तापलेला आणि वरून प्लास्टिक. त्यात ते कॉम्प्युटर टेबल. सीपीयूसाठी खाली कप्पा, पुढे दार, मागे प्लाय आणि वायरी जाण्यापुरतं एक भोक. मागच्या पंख्याने बाहेर टाकलेली गरम हवा त्या कप्प्यातच घुटमळायची आणि पुढून परत आत शिरायची. सुतार ऑर्डरप्रमाणे काम करून मोकळा झालेला असायचा.

पंखा गार करतो हा आपला सर्वसाधारण समज. माणसाला घाम येतो म्हणून त्याला पंख्याखाली गार वाटतं. प्रोसेसरला कुठला आलाय घाम? हीटसिंकवरची, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पात्यांवरची उष्णता हवेत सोडून द्यायची, एवढंच पंख्याच्या हाती. म्हणजे खोलीतली हवा जेवढी गरम, त्याच्या खाली काही प्रोसेसर जाणार नाही. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस, खोलीत चाळीस, तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, 'पीसी हेल्थ'च्या पानावर पासष्ट-सत्तर दिसलं तर त्यात त्या बिचाऱ्याचा दोष काय? त्यावर घरोघरी निघालेला उपाय म्हणजे कॅबिनेटचा एका बाजूचा पत्रा काढायचा आणि समोर टेबलफॅन लावायचा. दिसायला गबाळं, पण चालायचं. आमच्या भागातला दुसरा उपाय म्हणजे मशीन कूलरच्या झोतात ठेवणं, आणि तो मला कधीच पटला नाही. वाळ्याचा वास लागलेली ती ओली हवा माणसाला स्वर्ग. पत्र्याच्या स्क्रूंवर मात्र पावसाळ्याच्या आधीच गंज.

मोडेमची, म्हणजे फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणाऱ्या डब्याची कथा वेगळी वाटते, पण तीही शेवटी उष्णतेपाशीच येते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं. आमच्याकडे पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. मोडेमच्या मागे दोन भोकं, एक 'लाइन'चं आणि एक 'फोन'चं. ती उलटसुलट झाली नाहीत तरी पहिला संदेश ठरलेला, 'नो डायल टोन'. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. आपल्या एक्स्चेंजचा सूर त्या परदेशी डब्याच्या ओळखीचाच नसायचा. मग 'डायल टोनची वाट पाहा' समोरची खूण काढायची, नाहीतर मोडेमला द्यायच्या हुकमांच्या ओळीत 'एक्स थ्री' घालायचं, म्हणजे तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवायचा. जुनं एक्स्चेंज असेल तर सुरांनी नंबर लावणाऱ्या 'एटीडीटी' हुकमाच्या जागी ठोक्यांनी लावणारा 'एटीडीपी', मग नंबर कट-कट-कट करत फिरायचा. जुन्या मशीनमध्ये आणखी एक गंमत होती. कॉम वन आणि कॉम थ्री या दोन जोडण्यांचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची लाइन, एकच, चार नंबरची. माऊस एकावर आणि मोडेम दुसऱ्यावर असला, की माऊस हलवला रे हलवला की लाइन तुटायची. लोक जीव मुठीत धरून, कीबोर्डवरच्या बाणांनी इंटरनेट पाहत.

पुढे स्वस्तातले आत बसणारे मोडेम आले. ते स्वस्त का, तर आवाजाचे आकडे करण्याची मेहनत त्यांनी प्रोसेसरच्या गळ्यात टाकली होती. छप्पन्न केचा मोडेम म्हणायचा, प्रत्यक्षात सेकंदाला चार-पाच केबी मिळाले तरी पेढे वाटावेत. पाच एमबीचं गाणं उतरायला वीस मिनिटं. दिवसा आत्याचा फोन येणार, मामाचा येणार, म्हणून सगळी उतरवाउतरवी रात्री. कोणाची झोप मोडू नये म्हणून 'एम झिरो' देऊन मोडेमची किंकाळी बंद करायची, टेबलाचं दार लावून पंख्याची घरघरही कोंडायची आणि झोपी जायचं. सकाळी गाणं अर्ध्यात अडकलेलं, कॅबिनेट इस्त्रीसारखं तापलेलं.

दुरुस्तीवाला आला की आधी मशीन अंगणात न्यायचा, कारण आईचा हुकूम तसा होता. तिथे ब्लोअर मारला की धुळीची एक अख्खी घडी बाहेर पडायची, हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसून बसून नमदा झालेली. म्हणजे एवढी कव्हरं घालूनही ती गेलीच होती. कव्हर घालतो आपण मशीन बंद असताना आणि धूळ ओढतो पंखा मशीन चालू असताना. ब्लोअर मारताना तो पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून ठेवायचा. झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जातं, म्हणायचा. मग प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पोचवणारी जुनी, खडूसारखी वाळलेली पेस्ट खरवडून वाटाण्याएवढी नवी लावायची. घरचे आग्रह करायचे, अजून थोडी लावा ना, पैसे देतो. तो ऐकायचा नाही.

आता कप्प्याचं टेबल गेलं, मोडेमही गेला. राउटर आहे, आणि तो दिवाणखान्याची शोभा घालवतो म्हणून शोकेसमध्ये काचेच्या आत, क्रोशाच्या रुमालाखाली बसलेला असतो. नेट दुपारी का रखडतं, याची तक्रार मात्र रोज कंपनीकडे.